आंबोलीच्या वळणांत गाडी झुकते, मग स्प्रिंगा बदलू का?

प्रश्न मालवणहून आलाय. दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटर. दर शनिवारी कुडाळ, सावंतवाडी, आंबोली करत बेळगावला जायचं आणि रविवारी परत. तक्रारी तीन आहेत. घाटातल्या वळणात गाडी खूप झुकते. पावसात वळताना पुढचा भाग वळायच्या ऐवजी सरळ जायला बघतो. आणि खराब पॅचवरून वळताना मागचा भाग उडतो. मित्रांनी लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या), रुंद टायर आणि स्ट्रट बार सुचवलेत. एकजण तर म्हणाला, स्प्रिंगची दीड वेटोळी कापून टाक, फुकटात काम होईल. हाताशी चाळीस हजार आहेत आणि विचारलंय असं: "मला सस्पेन्शन ट्यूनिंग मुळापासून शिकायचंय, सुरुवात कुठून करू आणि आधी काय विकत घेऊ?"

मी कुडाळला सत्तावीस वर्षं अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आणि सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंगा-शॉकअप, यांचंच काम करतो. इंजिनाला हात लावत नाही. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं काही तुमच्या गाडीला लागू पडेल, काही नाही. पण एक गोष्ट प्रश्न वाचतानाच जाणवली. तुम्ही तीन तक्रारी एका दमात लिहिल्यात, जणू तिन्ही एकाच दुखण्याच्या आहेत. त्या तीन वेगळ्या आहेत. पहिली बहुधा दुखणंच नाही, दुसरी टायरची आणि काही अंशी तुमच्या उजव्या पायाची, तिसरी शॉकअपची. मित्रांनी दिलेल्या यादीतली एकही वस्तू यातल्या एकाही तक्रारीवर नीट लागू पडत नाही.

आधी झुकणं. माझे उस्ताद अस्सल मालवणी. कोणी ही तक्रार घेऊन आला की म्हणायचे, "अरे, गाडी वळणात वाकता म्हणजे पडता काय?" त्यांनी हे पुस्तकातून वाचलं नव्हतं, पण हिशेब मांडला तर तेच निघतं. समजा गाडी हजार किलोची आहे, तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर वर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटरला थोडं कमी अंतर आहे. तीस मीटर त्रिज्येच्या वळणात तुम्ही ताशी ४० ने शिरलात तर आतल्या चाकांवरचं साधारण दीडशे किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. हे वजन जातंच. स्प्रिंग मऊ असो, कडक असो किंवा तिच्या जागी लोखंडाचा ठोकळा बसवलेला असो. ते ठरतं वजनाच्या मध्याची उंची, चाकांतलं अंतर आणि वेग यांवर. गाडी झुकल्यामुळे वजनाचा मध्य दोन-अडीच सेंटीमीटर बाहेर सरकतो, त्याची भर पडते ती फार तर पंधरा-वीस किलोंची. म्हणजे ज्या झुकण्याची तुम्हाला भीती वाटते, त्याचा वाटा दीडशेत वीस.

आता त्याच वळणात वेग ४० वरून ५० करा. काटा दहानेच पुढे गेला, पण बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो दीडपटीहून जास्त होतो. ४० ला टायरकडे पकडीची मागणी असते गाडीच्या वजनाच्या साधारण ०.४ पट, ५० ला ती ०.६५ च्या आसपास जाते. पावसात, वर शेवाळ धरलेल्या डांबरावर, झिजलेल्या टायरला ०.६५ झेपेलच असं नाही. तुमचा पुढचा भाग सरळ का जातो, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

झुकणं त्रासदायक कधी होतं? ते एकदम झालं तर, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर थांबून मग धपकन एका अंगावर बसली तर. हळूहळू झुकून एका जागी स्थिरावणारी गाडी ठीक असते. धपकन बसणारी गाडी बहुतेक वेळा थकलेल्या शॉकअपची, फाटलेल्या बुशची (जोडांत बसवलेल्या रबराची) किंवा तुटलेल्या लिंक रॉडची निघते. अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं आवरणारा दांडा, आणि स्ट्रट म्हणजे शॉकअप-स्प्रिंगचा एकत्र खांब. लिंक रॉड म्हणजे या दोघांना जोडणारी बोटभर जाडीची कांडी. ती एका बाजूची सुटली तर अँटी-रोल बार गाडीत असूनही नसल्यासारखाच. माझ्याकडे "स्प्रिंगा बदला" म्हणत आलेल्या गाड्यांत लिंक रॉडवर भागल्या अशा बऱ्याच.

दुसरी तक्रार, पावसात पुढचा भाग सरळ जाणं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या मुळातच अशा बनवतात की पकड सुटायचीच झाली तर आधी पुढची सुटावी. कारण तेव्हा घाबरून माणूस जे करतो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडतो, तेच उपयोगी पडतं: वेग उतरतो, वजन पुढे येतं, चाकं पुन्हा धरतात. त्यामुळे हा स्वभाव पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. तो किती लवकर दिसतो हे मात्र बघा, आणि त्यासाठी आधी टायरकडे वाका. बाजूच्या भिंतीवर शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. दुसऱ्या मालकाकडून आलेल्या गाडीत नक्षी छान दिसणारे, पण रबर लाकडासारखं झालेले टायर मी नेहमी बघतो. नक्षीच्या खाचेत आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्या १.६ मिलीमीटर उंचीच्या. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की कायद्याने टायर संपला. आमच्याकडच्या पावसात मी त्याच्या बराच आधी संपला म्हणतो, कारण खाच उथळ झाली की पाणी बाजूला फेकायला जागा उरत नाही.

टायरवरून तळहात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं नको तेवढी आत किंवा बाहेर वळलीत. दोन्ही कडा झिजल्यात आणि मध्य शाबूत आहे, तर हवा कमी ठेवून चालवलीय. फक्त मध्य झिजलाय, तर हवा जास्त. आतली कड एकटीच झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टो. जागोजागी वाटीसारखे खळगे असतील तर शॉकअप. मशीनवर न चढवता गाडीबद्दल इतकं दुसरं काहीही सांगत नाही, आणि हे शिकायला एक पैसा लागत नाही.

दोनच नवे टायर घेणं परवडत असेल तर ते मागे बसवा. यावर माझ्याशी निम्मी गिऱ्हाइकं भांडतात. "पुढची चाकं ओढतात, वळतात, ब्रेकही पुढेच, मग नवे मागे कशाला?" कारण वर सांगितलंय तेच. पुढची पकड गेली तर पाय सोडून सावरता येतं. ओल्या उतारावर वळणात मागची पकड गेली, तर पाय सोडल्याने वजन आणखी पुढे जातं, मागचा भाग आणखी हलका होतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. आंबोलीतून दाणोलीकडे उतरताना मागचे टायर घोटलेले असणं ही मला माहीत असलेली सगळ्यात वाईट बचत आहे.

रुंद टायरचं म्हणाल तर एखादा साइज वर जाणं चालतं, गाडी बनवणाऱ्याने वरच्या मॉडेलला तोच साइज दिलेला असेल तर. पण रुंद टायर कोरड्यात चांगला आणि साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगणारा. तुमची तक्रार पावसातली आहे. अरुंद, ताजा, खोल नक्षीचा टायर तुमच्यासाठी बरा.

तिसरी तक्रार मला सगळ्यात बोलकी वाटते. खराब पॅचवर वळताना मागचा भाग उडतो. स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या कामाची गल्लत इथे होते, म्हणून जरा सावकाश सांगतो. वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात चाक दाबलं गेलं की ती ताकद साठवते आणि सोडते, पण आपण होऊन लवकर थांबत नाही, झोपाळ्यासारखी हेलकावत राहते. ते हेलकावणं मारतो शॉकअप, आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलून. ताकदीची उष्णता होते, म्हणूनच चालून आलेल्या गाडीचा शॉकअप कोमट लागतो. यावरून एक जुनी युक्ती: वीसेक किलोमीटर खडबडीत रस्त्यावरून आल्यावर लगेच चारही शॉकअपना हात लावा, सायलेन्सरपासून सांभाळून. तिघे कोमट आणि एक थंड लागला तर त्या थंडाने काम सोडलंय.

शॉकअप मेला की चाक खड्ड्यातून वर येतं आणि रस्त्याला परत टेकायला उशीर करतं. हवेत असलेल्या चाकाला पकड कसली? सरळ रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही, वळणात मात्र तेवढ्या क्षणात मागचा भाग बाहेर सरकतो. तुम्ही याला "उडणं" म्हणताय. स्प्रिंग कडक केली तर हे वाढेल, कारण जास्त कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअपही तेवढाच जोरकस लागतो आणि तुमचा तर आहे तोच थकलाय.

आमच्या भागात शॉकअप लवकर जातात, त्यामागे खड्ड्यांइतकाच हात तांबड्या मातीचा आहे. शॉकअपच्या दांड्यावर रबरी टोपण असतं. ते फाटलं की जांभ्याची ओली माती आत शिरते, सुकते आणि पॉलिश पेपरसारखी दांड्याला घासत राहते. मग सील जातं, तेल गळतं. टोपण स्वस्त, शॉकअप महाग. त्यात मालवण, तारकर्ली, देवबागकडच्या गाड्यांना खारा वारा असतो. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं ज्या थाळीत बसतं तिथे वाळू आणि ओल अडकते, गंज आतून खातो आणि एक दिवस खालचा तुकडाच मोडतो. तुमची गाडी मालवणात उभी असते म्हणून सांगतो, टॉर्च घेऊन तो भाग जरूर बघा. आणि किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालत असाल तर यापुढे घालू नका.

आता ती वेटोळी कापण्याची गोष्ट. हसू नका, मीही केलंय. २००३ साली, माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत, मागच्या दोन्ही स्प्रिंगांचं एकेक वेटोळं ग्राइंडरने उडवलं. गाडी खाली बसली, झोकदार दिसायला लागली, कुडाळात दोन-चार जणांनी मान वळवून पाहिलं. जुलैत तिघांना घेऊन आंबोलीला निघालो. अर्ध्या घाटात डाव्या वळणाच्या मध्यावर रस्ता खचून एक आडवी पायरी झाली होती. ताशी ३५ असेन. मागचा भाग एकदम हातभर बाहेर गेला आणि कठड्याकडे तोंड करून गाडी थांबली. समोरून काही येत नव्हतं, एवढंच आमचं नशीब. घरी आल्यावर मागची चाकं काढली तर शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी स्टॉपर ठेचून चकचकीत झालेला.

काय झालं होतं, ते समजायला मला पुढे काही महिने गेले. स्प्रिंग दबायला एक ठरावीक जागा असते. गाडी खाली आणली की ती जागा कमी होते. माणसं बसली की आणखी कमी. वळणात बाहेरची बाजू दबते, आणखी कमी. शेवटी रबरी स्टॉपर टेकतो. त्या क्षणी मऊ स्प्रिंगच्या जागी जवळजवळ दगड आल्यासारखं होतं, आणि मागची बाजू अचानक कडक झाली की वळणात सरकणाऱ्या वजनातला मोठा हिस्सा मागचं बाहेरचं चाक एकटं झेलतं. टायरचा एक स्वभाव आहे: वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणजे एका चाकावर ओझं लादलं की जोडीची एकूण पकड घटते. पुढे पकड आहे तेवढीच, मागे एकदम घटली, गाडी फिरली. सस्पेन्शनचं निम्मं शास्त्र या एका स्वभावातून निघतं. पुढची बाजू मागच्यापेक्षा कडक केली तर गाडी सरळ जायला बघते, मागची कडक केली तर मागून फिरायला बघते.

म्हणून कोकणात माझ्या लेखी सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला असलेली जागा. रेस ट्रॅक गुळगुळीत असतो, तिथे ती जागा सोडून दिली तरी चालते. इथे वाडीत शिरायला पाणंद, मध्ये साकव, पुढे जांभ्याचा उघडा चढ, आणि घाटात खचलेलं डांबर. जागा विकून देखणेपण घेऊ नका.

विकत मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा कापलेल्या स्प्रिंगांपेक्षा बऱ्या, कारण त्या थाळीत नीट बसतात. पण त्यातही एक मेख आहे. तुमच्यासारख्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली आणली की चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा आर्म आडव्याच्या पलीकडे, चाकाच्या बाजूने वर चढलेला दिसतो. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त खाली जातो, आणि दोघांतलं अंतर वाढल्याने झुकवणारी तरफ लांब होते. म्हणजे झुकणं कमी करायला गाडी खाली आणली आणि झुकवणारा जोर वाढवून बसलो. मग तो मारायला स्प्रिंग आणखी कडक, आणि तिला आवरायला शॉकअप. या साखळीचं टोक चाळीस हजारांत हाती लागत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा पडेल असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. मूळ मापाचे सुटे भाग घालताना हा प्रश्न येत नाही.

स्प्रिंगचा कडकपणा डोळ्यांनी ओळखता येत नाही, तेही सांगून ठेवतो. तार फक्त दहा टक्के जाड केली तर बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग ४६ टक्के कडक होते, कारण जाडीचा चौथा घात लागतो. दुकानात "थोडी जाड तार आहे साहेब" म्हणतात तेव्हा हा आकडा आठवा.

बुशबद्दल कोणी सांगत नाही असं एक बारीक काम आहे. लोअर आर्मचे रबरी बुश बदलल्यावर बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर टेकवून, पूर्ण वजन आल्यावर. लिफ्टवर आर्म लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडीची उंची थोडी बदलते आणि वर्षभरात बुश फाटतो. अशी फाटलेली नवीकोरी बुश घेऊन लोक येतात आणि कंपनीला शिव्या घालतात. तुम्ही बुश बदलून घ्याल तेव्हा समोर उभे राहा आणि हे करायला सांगा. तोंड वाकडं केलं तर दुसरं गॅरेज बघा.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, ढिले भाग बदलून झाल्यावर. ढिल्या बॉल जॉइंटवर (चाकापाशी असलेल्या गोळ्याच्या सांध्यावर) केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या आणि जपून ठेवा. तुमच्या प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकांचा टो तेवढा जुळवता येतो, कॅम्बर आणि कास्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) कंपनीने ठरवून दिलेले असतात. ते हद्दीबाहेर दिसले तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय असा अर्थ घ्यायचा आणि ते शोधायचं. काही ठिकाणी जॅक लावून स्ट्रट वाकवतात आणि मशीनवरचा आकडा हिरवा, म्हणजे हद्दीतला, करून दाखवतात. आकडा हिरवा होतो, लोखंड मात्र दुखावतं.

इथवर पैशांचा क्रम तुमच्या लक्षात आला असेल. टायर जुने निघाले तर निम्म्याहून जास्त रक्कम तेच खातील, खाऊ देत. मग मागचे दोन शॉकअप, जोडीनेच, टोपणं आणि रबरी स्टॉपरसकट. पुढे ढिलं जे सापडेल ते. मग अलाइनमेंट. मूळ मापाचेच भाग घ्या. एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा नवा असतानाचा स्वभाव तुम्ही कधी अनुभवलाच नाहीये, तो आधी परत मिळवा. माझा अनुभव असा की इथे आल्यावर दहातल्या सात-आठ जणांची "ट्यूनिंग"ची भूक भागते.

शिकायचं म्हणालात, तर त्याला गाडीपेक्षा वही जास्त लागते. घाट ही प्रयोगशाळा नाही. मालवण-कुडाळ रस्त्यावर रोजच्या येण्या-जाण्यातलं, लांबवर दिसणारं, मोकळं एखादं वळण निवडा, नेहमीच्याच कायदेशीर वेगाने जा आणि फक्त लक्ष द्या. वळणाचे तीन तुकडे करा: शिरताना, मध्यावर, निघताना. शिरताना ब्रेक सोडल्यावर नाक कसं उचललं जातं? मध्यावर स्टिअरिंग एकाच जागी धरता येतं की सारखं दुरुस्त करावं लागतं? निघताना ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी बाहेर सरकते का? "गाडी नीट वळत नाही" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मदत करू शकत नाही. "ब्रेक सोडल्यावर अर्ध्या सेकंदाने डावीकडे ओढते" म्हणणाऱ्याचं काम अर्ध्या तासात होतं.

पहिला प्रयोग हवेचा. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा सकाळी गाडी थंड असताना भरा. हवा मोजायचा स्वतःचा गेज घ्या, पंपांवरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की हवा साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बदलते, त्यामुळे दुपारी मालवणात भरलेली हवा आंबोलीच्या गारठ्यात कमी दाखवते. आठवडाभर स्टिकरप्रमाणे चालवा, मग फक्त पुढे दोन पीएसआय वाढवा. स्टिअरिंगला गाडी चटकन उत्तर देते का, खड्डा जास्त टोचतो का, ते लिहा. पुन्हा मूळ आकड्यावर या आणि फरक जाणवतो का बघा. स्टिकरच्या खाली मात्र उतरू नका. एका वेळी एकच बदल, आणि परत मूळ जागी येऊन खात्री. हे कंटाळवाणं आहे, पण चार गोष्टी एकदम बदलून "फरक पडला" म्हणणाऱ्याला कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

दुसरं, टेपने चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोजून ठेवा, सपाट जागेवर, रिकाम्या गाडीची. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा मोडलीय. तिसरं, मागच्या शॉकअपचं टोपण वर सरकवता येत असेल तर उघड्या दांड्याला केबल टाय सैलसर बांधा आणि शॉकअपच्या नळीपर्यंत खाली ढकला. फेरी मारून आल्यावर तो जिथे सरकलेला दिसेल तिथवर दांडा आत गेला होता. पाच माणसं आणि सामान भरून एकदा हे बघाच. चतुर्थीला मुंबईचे पाहुणे आणायला किंवा मे महिन्यात मागे हापूसच्या पेट्या भरून गेलात की गाडी निराळीच होते. ओझं वाढलं की तीच स्प्रिंग सावकाश हेलकावते आणि तोच शॉकअप कमी पडतो. म्हणून स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी मागच्या हवेचा वेगळा आकडा दिलेला असतो. तो पाळा, आणि त्या दिवशी हेडलाइटचा झोत खाली करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत.

हे सगळं सहा महिने करून झालं आणि तरीही हौस उरली, तर मग खऱ्या ट्यूनिंगचं बोलू. तेव्हाही मी आधी चांगल्या प्रतीचे शॉकअप म्हणेन, मग अँटी-रोल बार, आणि स्प्रिंगा शेवटी. फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक करायचा मोह टाळा. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने अमेरिकेत वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी गाडी बनवून हे तपासलं होतं. खड्डा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना नंतर. म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा जलद हेलकावली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी नाक-शेपूट आपटत न बसता सपाट राहते. पुढे कडक आणि मागे मऊ केलं की ही जुळणी मोडते, आणि मागे बसलेल्या आईला कणकवली येईपर्यंत उलटी होते.

स्ट्रट बारचं राहिलं. तो पुढच्या दोन स्ट्रटची डोकी एकमेकांना बांधतो, म्हणजे बॉडी पिळली जाऊ नये. रस्त्यावरच्या वेगाला आजकालच्या बंद बॉडीच्या हॅचबॅकमध्ये त्याचा फरक मला तरी कधी जाणवला नाही. मी एक घेतला होता, लाल रंगाचा. महिन्याने काढला. आता तो वर्कशॉपच्या मागच्या पडवीत दोन खिळ्यांवर आडवा आहे आणि पावसाळ्यात त्यावर पोरांचे रेनकोट वाळतात.